मेजवानीला काय घालून जावे?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या शेजारचा मुलगा एका कारखान्याच्या खरेदी विभागात नुकताच नोकरीला लागला आहे. एका संध्याकाळी तो मोबाइल हातात धरून दारात उभा राहिला. त्यांच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीने शहराबाहेर हिरवळीवर स्नेहमेळावा ठेवला होता आणि निमंत्रणाच्या तळाशी एक ओळ होती : 'पोशाख – स्मार्ट कॅज्युअल'.

"काका, तुम्ही एवढे जुने कागद वाचता, मग हे काय असतं ते सांगा. कोट घातला तर लोक हसतील, नाही घातला तर साहेब बघतील."

मी त्याला इस्त्रीचा सदरा घाल आणि बूट पुसून घाल, एवढेच सांगितले. पण त्याचे 'हसतील' आणि 'बघतील' हे दोन शब्द माझ्या टेबलावर राहून गेले. योगायोग असा, की मी त्याच दिवसांत जोतीराव फुल्यांच्या व्यवसायाविषयीची टिपणे लावत होतो आणि नेमका २ मार्च १८८८ या तारखेपाशी आलो होतो. त्या दिवशी पुण्यात एक मेजवानी झाली. तिथे काय बोलले गेले हे पुष्कळांना ठाऊक आहे. तिथे काय घातले गेले, याकडे मात्र आपण एक नाट्यमय प्रसंग म्हणून पाहतो आणि पुढे जातो. मला वाटते, तिथे थोडे थांबायला हवे.

यजमान होते हरि रावजी चिपळूणकर. जोतीरावांचे स्नेही, पुण्यातले सधन गृहस्थ. पाहुणे होते ड्यूक ऑफ कॅनॉट आणि त्यांच्या पत्नी. हे ड्यूक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे तिसरे चिरंजीव, प्रिन्स आर्थर. आपल्याकडच्या काही लेखांत त्यांना राणीचा नातू केले आहे. ते चूक आहे आणि ती चूक एकमेकांच्या लेखांतून उतरत आलेली आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ड्यूक काही चार दिवस हिंदुस्थान बघायला आलेले राजपुत्र नव्हते. १८८६च्या अखेरीपासून ते मुंबई इलाख्याच्या लष्कराचे सरसेनापती होते. म्हणजे पुण्यातल्या व्यापारी-कंत्राटदार मंडळींच्या दृष्टीने ही ओळख केवळ शोभेची नव्हती. लष्कराला धान्य लागते, चारा लागतो, चुना-विटा लागतात. राजपुत्राला हार घालण्याच्या निमित्ताने गावातली वजनदार माणसे एका ठिकाणी येणार, हे यजमानालाही कळत होते आणि पाहुण्यांनाही. आजच्या भाषेत या समारंभाला काय म्हणतात ते शेजारच्या मुलाला विचारावे.

आता जोतीराव. आपल्या मनातले जोतीराव शाळा काढणारे, ग्रंथ लिहिणारे, सत्यशोधक समाजाचे. ते खरेच आहे. पण त्यांचे पोट या कामांवर चालत नव्हते. ते व्यापारी होते. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याचा त्यांचा व्यवसाय होता. १८७०च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या बांधकामाला त्यांनी सामान पुरवले. मांजरीला त्यांची शेती होती. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ऑक्टोबर १८८२मध्ये त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिले, त्यात त्यांनी स्वतःची ओळख तीन शब्दांत दिली आहे : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. मला हा क्रम फार बोलका वाटतो. चिपळूणकरांचे बोलावणे आले ते यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या ओळखीच्या माणसाला. जोतीराव गेले ते दुसऱ्या ओळखीचे कपडे घालून.

ते शेतकऱ्याच्या वेशात गेले. त्यांच्या चरित्रकारांनी, विशेषतः धनंजय कीरांनी, हे नोंदवले आहे. पुढे नाटककारांनी आणि चित्रकारांनी या वेशात बरीच भर घातली. मी ती भर घालणार नाही. शेतकऱ्याचा वेश एवढेच आपल्याला पुरे आहे. दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले आणि यजमानांना बाहेर यावे लागले, असेही सांगतात. ते घडले असेल तर नवल नाही, कारण दारावरचा माणूस नेहमी कपडेच वाचतो. त्याला निवेदने वाचायला कोणी देत नाही.

या वेशाचा अर्थ कळायचा तर बाकीचे काय घालून आले असतील ते पाहावे लागते. तो काळ डोक्यावरून माणूस ओळखण्याचा होता. उघड्या डोक्याने चारचौघांत जाणे म्हणजे सुतक किंवा बेअदबी. ब्राह्मणाची चक्रीदार पगडी, मराठ्यांचे पागोटे, पारशांची उंच चकचकीत पगडी, गुजराती वाण्याची तांबडी पगडी, पाठारे प्रभूंची आणखी वेगळी. माणूस दुरून येताना दिसला की जात, पेठ आणि पत या तिन्ही गोष्टी आधी पोचत. अंगात अंगरखा किंवा लांब कोट, खांद्यावर जरीकाठी उपरणे, ऐपतीप्रमाणे कानात भिकबाळी, बोटांत अंगठ्या, गळ्यात कंठी.

आणि पायात? पायांचा प्रश्न डोक्याहून अवघड होता. आपल्याकडे मोठ्या माणसासमोर जाताना जोडा बाहेर काढायचा आणि डोके झाकलेले ठेवायचे. साहेबाचे उलटे. तो टोपी काढतो आणि बूट ठेवतो. राज्य साहेबाचे आल्यावर कुणाची रीत चालवायची? कंपनी सरकारने १८५४मध्ये यावर जो निर्णय केला तो मासलेवाईक आहे. ज्या नेटिव सभ्य गृहस्थांनी युरोपीय पद्धतीचे बूट आणि मोजे घातले असतील त्यांना सरकारी आणि निमसरकारी प्रसंगी ते घालून येण्याची मुभा मिळाली. १८६८मध्ये ती सवलत वाढवण्यात आली. म्हणजे पाय तेच, माणूस तोच. पुणेरी जोडा असेल तर बाहेर काढा. विलायती बूट असेल तर आत या. दरम्यान १८६२मध्ये सुरतेच्या न्यायालयात एका पारशी गृहस्थाला जोडे काढायला लावल्यावरून मोठा वाद पेटला होता आणि वर्तमानपत्रांनी तो महिनोन् महिने पुरवून खाल्ला.

या हुकमाने पोशाखाची एक नवी जात जन्माला घातली असे मला वाटते. जुनी छायाचित्रे चाळताना ती सारखी दिसते : वर पगडी, मध्ये लांब कोट, खाली धोतर आणि त्याखाली मोजे व काळे बूट. मुंबईच्या पारशी शेटियांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. डोक्यावर पगडी आणि अंगात पांढरी डगली ठेवली, पण कमरेखाली पाटलोण चढवली. आपण या चित्रांना हसतो, त्यांना धेडगुजरी म्हणतो. पण त्यात हिशेब आहे. डोके जातीचे, पाय सरकारचे. दोघांनाही नाराज न करता दाराच्या आत जायचे असेल तर याहून सोयीचे कपडे त्या काळी नव्हते. माझ्या शेजारच्या मुलाचा 'कोट घातला तर, नाही घातला तर' हा पेच या लोकांनी शिंप्याकडूनच सोडवून घेतला होता.

चिपळूणकरांच्या मेजवानीला आलेल्या मंडळींनी हिऱ्यामोत्यांचे दागिने घातले होते, कारण जोतीरावांनी भाषणात नेमके त्यांवरच बोट ठेवले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की इथे जमलेले हे नटलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. ड्यूकना राणीची रयत पाहायची असेल तर त्यांनी जवळच्या खेड्यांत जावे, शहरातल्या अस्पृश्यांच्या वस्त्यांत जावे. आणि आपल्या मातोश्रींना निरोप सांगावा, की या गरिबांना शिक्षण हवे आहे. सहा वर्षांपूर्वी हंटर आयोगाला कागदावर जे लिहून दिले होते, तेच या वेळी अंगावर घालून सांगितले.

या प्रसंगाला 'नाटक' म्हणणारे त्या काळीही असतील, आजही आहेत. एका निवृत्त प्राध्यापक मित्राने मला विचारले, "अहो, ते शेतकऱ्याचे सोंगच ना? माणूस तर कंत्राटदार होता." या प्रश्नाला उडवून लावता येत नाही. सोंग होते का? माझे उत्तर असे. मांजरीची शेती सोंग नव्हती. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३मध्ये लिहून झाला होता, तोही सोंग नव्हता. शिवाय त्या दिवशी तिथे सोंग न घेतलेले होते तरी कोण? पगडी आणि बूट यांची मोट बांधून आलेले गृहस्थ रोज घरी तसे बसत होते थोडेच! फरक इतकाच, की बाकीच्यांनी आहेत त्याहून वरचे कपडे घातले होते आणि या एका पाहुण्याने आपल्याला घालता आले असते त्याहून खालचे घातले होते. यात धोकाही होता. शब्द यजमानाचा खाली जाणार होता. सरकारी कामे मिळवणाऱ्या वर्तुळात आपले नाव 'विचित्र' म्हणून लागणार होते. मित्राच्या घरच्या समारंभात पाहुण्यांचा पाणउतारा करणे हे आपल्या रीतीत बसत नाही, हे जोतीरावांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? चिपळूणकरांनी ते कसे घेतले असेल, याचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. त्यांची मैत्री या प्रसंगाने तुटली नाही, हे मला त्या दिवसातले सर्वांत सुंदर वाटते.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी लोकांनी दिली. आणि त्याच वर्षी ४ सप्टेंबरला त्याच मुंबईच्या बंदरातून अठरा-एकोणीस वर्षांचा एक काठेवाडी मुलगा बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाला. त्याच्या पेटीत पांढऱ्या फ्लॅनेलचा एक सूट होता. मित्रांनी शिवून दिलेला, खास उतरताना घालायला राखून ठेवलेला. बोटीवर सगळा प्रवास त्याने काळ्या कपड्यांत काढला आणि किनाऱ्याला लागताना पांढरे घातले. सप्टेंबर संपत आला होता. विलायतेत तेव्हा पांढरे घालण्याचे दिवस सरलेले असतात. बंदरावर पांढऱ्या कपड्यांतला तो एकटाच. सामान आणि किल्ल्या एजंटाकडे गेलेल्या, मधे रविवार, त्यामुळे बदलायलाही दुसरे काही नाही. गांधीजींनी आत्मकथेत हे लिहिले आहे आणि लिहिताना त्यांची लाज अजून ओली आहे. त्याच संध्याकाळी भेटायला आलेल्या डॉ. मेहतांची उंच टोपी त्यांनी सहज हातात घेतली आणि तिच्या लवेवरून उलटा हात फिरवला. डॉक्टरांनी त्यांना थांबवले. पुढे बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट, एकोणीस शिलिंगांची टोपी, भावाकडून मागवलेली सोन्याची दुपदरी साखळी, आणि टाय बांधायला रोज आरशापुढे दहा मिनिटे. ही सगळी पांढऱ्या फ्लॅनेलची भरपाई होती.

एकाच वर्षी एक माणूस मुद्दाम चुकीचे कपडे घालून जातो आणि दुसरा बरोबर घालण्याच्या धडपडीत चुकतो. पुढची तीस-चाळीस वर्षे हा दुसरा माणूस पहिल्याच्या वाटेला कसा लागला, हे आत्मकथेतल्या कपड्यांच्या नोंदी एकामागोमाग एक वाचल्या तर स्पष्ट दिसते.

१९०१च्या अखेरीस काँग्रेससाठी कलकत्त्याला गेले असता ते काही दिवस इंडिया क्लबात राहिले. तिथे राजेमहाराजे रोज झिरझिरीत बंगाली धोतरे, सदरे आणि उपरणी घालून वावरत. लॉर्ड कर्झनच्या दरबाराच्या दिवशी तीच मंडळी खानसाम्यासारखी विजार आणि चकचकीत बूट घालून निघाली. गांधींनी एकाला कारण विचारले. त्याच्या उत्तराचा सारांश असा, की खानसामे आमचे नोकर आणि आम्ही व्हाइसरॉयचे. मग वेश वेगळा कसा असेल? नेहमीच्या कपड्यांत गेलो तर तो गुन्हा ठरेल. दहा वर्षांनी, १२ डिसेंबर १९११ला, दिल्ली दरबाराच्या उघड्या मैदानात आपल्या सयाजीराव गायकवाडांनी तोच 'गुन्हा' केला. साधा पांढरा पोशाख, दागिने उतरवलेले, हातात काठी. राजाला वाकून झाले आणि ते पाठ फिरवून चालू लागले. विलायतेच्या वर्तमानपत्रांत एवढा गहजब झाला की महाराजांना खुलाशाचे पत्र लिहावे लागले. साध्या कपड्यांना राजद्रोह म्हणता येतो, हे तेव्हा सर्वांना कळले.

मधेच एक छोटा प्रसंग सांगतो, कारण तो माझ्या आवडीचा आहे. १९१२मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांच्याबरोबर न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे होते. ते फक्त मोठ्या प्रसंगी बाहेर निघे. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांनी मेजवानी ठेवली, आणि पाहतात तो उपरण्याला सुरकुत्या. परिटाकडे देऊन परत यायला वेळ नाही. गांधी म्हणाले, मी इस्त्री करतो. गोखल्यांनी स्पष्ट सांगितले, की वकील म्हणून तुझ्यावर विश्वास आहे, परीट म्हणून नाही. शेवटी इस्त्री झाली, चांगली झाली आणि गोखल्यांनी शाबासकी दिली. साम्राज्याच्या राजकारणावर बोलायला निघालेले दोन पुढारी एका उपरण्याच्या घडीवरून एवढे अडतात, यात मला हसण्यासारखे काही वाटत नाही. पगडी, उपरणे हे गोखल्यांचे घर होते. परक्या गावात ते सुरकुतलेले दिसू नये, इतकीच गोष्ट.

९ जानेवारी १९१५ला गांधी मुंबईत उतरले. तीन दिवसांनी पेडर रोडवरच्या 'माउंट पेटिट' या प्रासादात जहांगीर पेटिट यांनी त्यांचा सत्कार केला. पेटिट घराणे गिरण्यांचे. अध्यक्ष फिरोजशहा मेहता. मुंबईच्या व्यापाराची आणि वकिलीची सगळी नामवंत मंडळी हजर. गांधी काठेवाडी अंगरखा, पागोटे आणि धोतर घालून गेले. सगळे कापड देशी गिरणीचे. त्या झगमगाटात आपण अगदी गावंढळ वाटलो, असे त्यांनी लिहिले आहे. फिरोजशहांच्या पंखाखाली कसेबसे निभावले म्हणतात. लगेच गुर्जर सभेने गार्डन पार्टी दिली. जिना आले होते. त्यांनी इंग्रजीत छोटेसे, गोड भाषण केले. इतरही बहुतेक इंग्रजीत बोलले. गांधींनी आभार गुजरातीत मानले. पहिल्या समारंभात कपड्यांनी जे केले ते दुसऱ्यात भाषेने केले.

मग पुणे. गोखल्यांनी भारत सेवक समाजाच्या अतिथिगृहासमोरच्या मोकळ्या जागेत एक पार्टी ठेवली. शेंगदाणे, खजूर, ताजी फळे आणि गप्पा. आजारी गोखले खोलीतून चालत तिथपर्यंत आले आणि त्यांना घेरी आली. त्यांना परत नेले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठवला, की पार्टी थांबवू नका. १९ फेब्रुवारीला ते गेले. मी वाचलेल्या सगळ्या उघड्यावरच्या मेजवान्यांत काय घालून जावे हा प्रश्न कुणाला पडला नसेल अशी ही एकच. पुण्यात एरवी या प्रश्नापेक्षा काय खावे-प्यावे हा प्रश्न मोठा असे. १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसकट पन्नासेक मंडळींवर केवढे बालंट आले होते! तिथे कुणी काय घातले होते हे कुठल्याच वर्तमानपत्राने छापले नाही. कप ओठांना लागला की नाही एवढेच विचारले.

पुण्याहून राजकोटला तिसऱ्या वर्गाने जायचे ठरल्यावर गांधींनी अंगरखा आणि उपरणे अडचणीचे म्हणून काढून टाकले आणि आठ-दहा आण्यांची काश्मिरी टोपी घेतली. या वेशात माणूस गरीब म्हणून खपून जातो, असे त्यांनी लिहिले आहे. 'खपून जातो' हा माझा शब्द, पण भाव तोच. आणि फेब्रुवारी १९१६मध्ये, काशीला हिंदू विश्वविद्यालयाच्या पायाभरणीच्या सोहळ्यात, त्यांनी व्यासपीठावरच्या दागिन्यांनी मढलेल्या राजांना सांगितले, की हे उतरवून रयतेसाठी ठेवल्याखेरीज देशाची सुटका नाही. ॲनी बेझंट मध्ये बोलल्या, गोंधळ झाला, सभा आटोपती घ्यावी लागली. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या भाषणाशी हे किती जुळते! तोच दागिन्यांवरचा बोट, तेच पाहुण्यांचे अवघडणे. गांधींना जोतीरावांचा तो प्रसंग ठाऊक होता असा माझा दावा नाही. एकाच प्रकारच्या समारंभातून एकाच प्रकारचे भाषण निघते, एवढेच मला म्हणायचे आहे.

इथपर्यंत लेख लिहून मी थांबलो होतो. साध्या कपड्यांची ही कहाणी जरा जास्तच सरळ चालली आहे, असे मनात येत होते. मग मला पाळवणकर बाळू आठवले.

बाळू चांभार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. १८९०च्या दशकात पुण्यातल्या युरोपियन क्लबात ते मैदानाची कामे करत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत. पुढे हिंदूंच्या क्लबाने त्यांना संघात घेतले, कारण त्यांच्याशिवाय साहेबाला हरवता येत नव्हते. मैदानात अकराही जणांचे कपडे तेच पांढरे. चहाची वेळ झाली की दहा जण आत जात आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. पांढऱ्या कपड्यांनी त्यांना सीमारेषेच्या आत आणले, पण पायऱ्यांपुढे नेले नाही.

बाळूंनी एखाद्या सत्काराला फाटके घालून जायचे ठरवले असते तर? कुणी त्याचा अर्थ लावला नसता. कुणाला ते भाषण वाटले नसते. जोतीरावांचा शेतकऱ्याचा वेश बोलला, कारण त्यामागे न घातलेला कोट सर्वांना दिसत होता. गांधींची दहा आण्यांची टोपी बोलली, कारण तिच्यामागे बाँड स्ट्रीटचा सूट होता. ज्याच्यामागे काहीच नाही त्याचे साधे कपडे साधेच राहतात.

डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना जे सांगितले ते या उजेडात पुन्हा वाचावे. लुगडे गुडघ्यापर्यंत नेसू नका, वरच्या जातींच्या बायका नेसतात तसे पायघोळ नेसा. गळ्यातले आणि हातातले ते जड दागिने, ज्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते टाकून द्या. मुलींना शाळेत घाला. जोतीराव नटलेल्यांना उतरवा म्हणत होते. बाबासाहेबही उतरवाच म्हणत होते, पण दुसऱ्यांनी लादलेले. आणि स्वतः त्यांनी आयुष्यभर सूट-टाय घातला. १९३१च्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला दोघेही होते. नोव्हेंबरात पंचम जॉर्जने बकिंगहॅम राजवाड्यात प्रतिनिधींना बोलावले, तेव्हा गांधी पंचा, शाल आणि चपला घालून गेले आणि जगभर त्याची छायाचित्रे निघाली. आंबेडकरांच्या सुटाची बातमी झाली नाही. व्हायला हवी होती, असे मला वाटते. त्या सुटाला बकिंगहॅमपर्यंत पोचायला गांधींच्या पंचापेक्षा जास्त अंतर कापावे लागले होते.

आपल्या क्लबांचा इतिहास या प्रश्नाने भरलेला आहे, पण त्यात फार शिरत नाही. मुंबईचा विलिंग्डन क्लब १९१८चा. गव्हर्नर विलिंग्डन यांच्या हिंदी पाहुण्यांना युरोपियन क्लबात प्रवेश मिळेना, म्हणून दोन्ही समाजांना एकत्र बसता यावे यासाठी तो निघाला. सत्तर वर्षांनी, १९८८मध्ये, अनवाणी चालणाऱ्या मकबूल फिदा हुसेन यांना त्याच क्लबाने पायांत काही नाही म्हणून आत घेतले नाही. १८५४चा हुकूम काढणाऱ्या साहेबांना तेव्हा स्वर्गात बरे वाटले असेल. २०१४मध्ये चेन्नईत एका क्लबाने मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसली म्हणून दारातून परत पाठवले. तमिळनाडू विधानसभेने महिन्याभरात कायदाच केला : वेष्टी किंवा तसला देशी पोशाख घातला म्हणून कुणाला सार्वजनिक ठिकाणी अडवता येणार नाही. आपल्याकडे धोतरासाठी असा कायदा झाला नाही. कदाचित धोतर नेसून क्लबात जाणारेच उरले नसतील.

शेजारचा मुलगा त्या मेळाव्याहून रात्री उशिरा परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला गेलो तर जिन्यात भेटला. म्हटले, काय घातले होतेस?

"निळा शर्ट आणि काळी पँट. कोट हातावर घेऊन गेलो होतो काका, मग गाडीतच ठेवला. मालक टी-शर्टात होते."

"आणि बाकीचे?"

"सगळे तसेच. कॉलरवाले टी-शर्ट, पांढरे बूट. कोट घालून फक्त हॉटेलवाले होते. बंद गळ्याचे कोट, आणि डोक्याला फेटे. स्टार्टर्सच्या थाळ्या घेऊन फिरत होते बिचारे."